वहीच्या पहिल्या पानावरचं नाव

ताई, सप्रेम नमस्कार.

माझी आजी, म्हणजे बाबांची आई, दोन महिन्यांपूर्वी गेली. ८२ वर्षांची होती. मी २८ वर्षांची आहे. आजीने जवळजवळ चाळीस वर्षं रक्तदात्यांची एक वही सांभाळली. कुणाला रक्त हवं असलं की आमच्या घरचा फोन वाजायचा. मग ती वही उघडायची आणि माणूस मिळेपर्यंत फोन करत बसायची. ज्या पेशंटजवळ थांबायला कुणी नसेल त्याच्याजवळ रात्रभर जाऊन बसायची. परीक्षांच्या दिवसांत अंध मुलांची लेखनिक व्हायची. ती कुठल्या संस्थेत नव्हती आणि या कामाचे पैसे तिने कधी घेतले नाहीत.

पुढच्या महिन्यात तिच्यासाठी स्मृतिसभा आहे. मी बोलायचं आणि एक छोटी स्मरणिकाही तयार करायची असं घरी ठरलं आहे. तीन आठवडे लिहितेय आणि खोडतेय. ‘निःस्वार्थ’, ‘सेवाभावी’, ‘सदैव हसतमुख’ असलं काहीतरी उतरतं. वाचलं की वाटतं, ही कुणाचीही आजी असू शकेल. दुसरं म्हणजे शेवटचे चौदा महिने तिला काही आठवत नव्हतं. मला ओळखायची नाही. डोळे मिटले की मला तीच आजी दिसते, आधीची दिसतच नाही.

तिसरं लिहायला लाज वाटते. मी नऊ वर्षांची होते तेव्हा शाळेच्या कार्यक्रमात पहिल्यांदा एकटी गाणार होते. आजी पुढच्या रांगेत होती. माझं नाव पुकारलं, तेवढ्यात कुणीतरी येऊन तिच्या कानाशी काही बोललं आणि ती उठून गेली. रक्त हवं होतं. ते मला अजून विसरता येत नाही. आता सगळे म्हणतात, ‘ती सगळ्यांची आजी होती.’ मला वाटतं, मग माझी कधी होती?

काका म्हणतात, सभेत फक्त चांगलं बोलायचं. आतेभाऊ म्हणतो, त्याच दिवशी रक्तदान शिबिर घेऊ आणि आजीच्या वहीच्या पानांचे फोटो स्मरणिकेत छापू. आई काहीच बोलत नाही. विचारलं तर म्हणते, ‘तूच लिही, मला काय सांगायचंय.’ मी काय करू?

– एक नात

प्रिय मुली,

आजीचं काम तू मला पाच-सहा ओळींत सांगितलंस आणि त्यात एकही विशेषण वापरलं नाहीस. ‘माणूस मिळेपर्यंत फोन करत बसायची’ हे वाक्य वाचलं आणि मला तुझी आजी दिसली. मांडीवर वही, एक बोट नावावर, रिसीव्हर कानाला. तीन आठवडे तू जे शोधते आहेस ते मला सहज लिहून पाठवलंस आणि तुझ्या लक्षातही आलं नाही. मला तू फक्त सांगत होतीस. स्मरणिकेत मात्र तुला आजीला मोठं करायचं आहे. तो भार उतरवून ठेव. ‘निःस्वार्थ’ असं लिहावंसं वाटलं की थांब आणि स्वतःला विचार, कुठल्या दिवशी? ‘हसतमुख’ लिहिलंस तर ती कशाला हसायची आणि कशाला अजिबात हसायची नाही, ते आठव. सलग दहावा माणूस ‘आज नाही जमणार’ म्हणाला की फोन ठेवताना तिच्या तोंडून काय निघायचं? घरात कुणाला तरी ते पाठ असणार. तेच लिही.

पण त्याच्याही आधी एक काम आहे आणि त्याला मुदत आहे. नोकरी केलेल्या माणसाच्या मागे कागद राहतात. नेमणुकीचं पत्र, बढतीचा आदेश, पगाराच्या चिठ्ठ्या, निरोप समारंभाचा फोटो. तुझ्या आजीने चाळीस वर्षं काम केलं आणि त्याचा कागद म्हणावा असा एकच आहे, ती वही. बाकी सगळं काम माणसांच्या डोक्यात आहे, आणि ती माणसंही आता साठी-सत्तरीत, काही त्याच्याही पुढे असतील. स्मरणिका पुढच्या महिन्यात झाली नाही तर दोन महिन्यांनी होईल. ही माणसं मात्र आत्ताच गाठायला हवीत. म्हणून या आठवड्यात लिहिणं बंद ठेव आणि फोन करायला लाग. आजीची नात आहेस, फोन करत बसणं तुला जमेल.

त्यांना ‘आजी कशी होती’ असं विचारू नकोस. उत्तर येईल, ‘फार चांगली होती हो,’ आणि तू परत विशेषणांपाशी येशील. ‘तुम्ही तिला पहिल्यांदा कुठे पाहिलंत? तेव्हा ती काय करत होती? तुम्हाला ती काय म्हणाली? ती कधी तुमच्यावर रागावली होती का?’ असं विचार. रागावण्याचा प्रश्न जरूर विचार, कारण त्यावर माणसं खुलतात. तिच्या बरोबरीच्या मैत्रिणी, भावंडं असतील तर त्यांच्याशी तिच्या तरुणपणाबद्दल बोल. मानसशास्त्रज्ञांना असं वारंवार आढळलं आहे की उतारवयातल्या माणसांना साधारण दहा ते तीस या वयातल्या गोष्टी सर्वांत जास्त आणि सर्वांत लख्ख आठवतात. तुझा जन्म झाला तेव्हा आजी ५४ वर्षांची होती. म्हणजे तिचं दोन तृतीयांश आयुष्य तुझ्या आधीच होऊन गेलं होतं आणि त्याची साक्ष तुला फक्त याच लोकांकडून मिळेल.

ज्या मुलांची ती लेखनिक होती, त्यांच्यापैकी कुणी सापडलं तर तो फोन घाईत करू नकोस. लेखनिकाचं काम बाहेरून सोपं वाटतं. प्रश्न वाचून दाखवायचा, मुलगा सांगेल ते जसंच्या तसं उतरवायचं. उत्तर चुकतंय हे डोळ्यांसमोर दिसत असतं, बरोबर उत्तर स्वतःला येत असतं, तरी सुचवायचं नाही. आवाजातला चढउतारसुद्धा सांभाळावा लागतो, कारण ‘नक्की?’ एवढं विचारलं तरी ती मदत होते. दिवसभर फोनवर लोकांची मनधरणी करणारी बाई तिथे तीन-तीन तास दुसऱ्याचे शब्द स्वतःच्या अक्षरात लिहीत गप्प बसायची. आणि त्या मुलांनी तिचा चेहरा कधी पाहिलेला नाही. त्यांना ती ठाऊक आहे ती आवाजाने, कागदाच्या सळसळीने, बाकावर शेजारी बसलेल्या माणसाच्या वावराने. तिचा आवाज कसा होता, हे त्यांना विचार. तुम्हा डोळसांपैकी कुणालाच ते त्यांच्याइतकं नीट सांगता येणार नाही.

बोलणं रेकॉर्ड करणार असशील तर आधी परवानगी घे. आणि तुझ्या, बाबांच्या, काकांच्या फोनमध्ये आजीचे आवाजी निरोप, व्हिडिओ असतील ते आजच उतरवून घे. तीन प्रती कर. दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक तरी दुसऱ्या घरात ठेव. माझ्या मावशीचा आवाज माझ्या जुन्या फोनमध्ये होता. ‘आहेस का गं घरी?’ एवढाच निरोप. फोन बदलला तेव्हा तो गेला. सात वर्षं झाली, अजूनही कधीतरी वाटतं की तो कुठेतरी सापडेल. जुन्या छापील फोटोंच्या मागे माणसांची नावं मऊ पेन्सिलीने लिहून ठेव. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो आणि शाईही पाझरते.

आता नऊ वर्षांच्या त्या मुलीकडे येते.

रक्त गोळा करून ठेवलं की झालं, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. तांबड्या पेशी थंड ठेवल्या तर ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट्स मात्र फक्त पाच दिवस, काही ठिकाणी फार तर सात. त्या सहसा फ्रिजमध्येही ठेवत नाहीत. २० ते २४ अंश तापमानात, सतत हलत्या तबकावर ठेवाव्या लागतात. म्हणून त्यांचा मोठा साठा कुणाकडेच नसतो. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या किंवा खूप रक्तस्राव झालेल्या माणसाला त्या अचानक लागतात, तेव्हा कुणीतरी जिवंत माणूस उठून यावा लागतो, दीड-दोन तास यंत्राला जोडून घेऊन पडावा लागतो, आणि तो आजच यावा लागतो. काही रक्तगट तर इतके विरळा की माणूस शोधणं हाच उपचाराचा पहिला भाग. ओ निगेटिव्ह रक्त गरजेला कुणालाही देता येतं, पण ओ निगेटिव्ह माणसाला फक्त ओ निगेटिव्हच चालतं. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली प्रथम ज्याची नोंद केली त्या बॉम्बे ब्लड ग्रुपच्या माणसाला तर ओ गटाचंही चालत नाही. त्याला त्याच गटाचा दाता शोधावा लागतो. तुझ्या आजीच्या वहीत एखाद-दुसऱ्या नावाभोवती वर्तुळ असेल, ठळक रेघ असेल, तर ते बहुधा याचसाठी.

त्या दिवशी नेमकं काय हवं होतं, मला ठाऊक नाही. ‘पोरीचं गाणं होऊ दे, मग येते’ असं म्हणण्याइतकी सवड कदाचित तिच्याकडे नव्हती. कदाचित पाच मिनिटं होती आणि घाईत तिला ते सुचलं नाही. तारीख शोध, वही बघ, बाबांना विचार. पण कारण कितीही मोठं निघालं तरी तुझं दुखणं खोटं ठरत नाही. रंगमंचावरून तुला दिसली ती रिकामी खुर्ची. नऊ वर्षांच्या मुलीने त्या खुर्चीत प्लेटलेट्स बघाव्यात, अशी अपेक्षा कुणी करू नये, आज तूही स्वतःकडून करू नकोस. आजी आयुष्यभर स्वतःचा वेळ लोकांना देत आली हे खरं. त्या संध्याकाळी तिने तुझाही वेळ दिला आणि तुला विचारलं नाही. तुझी तक्रार ही तिच्या कामाचीच एक नोंद आहे. हे काम कशाच्या बदल्यात उभं राहिलं, ते त्या नोंदीवरून कळतं. ती पुसलीस तर आजीचं काम आपोआप, कुणालाही न दुखवता झालं असं वाटेल, आणि ते खरं नाही.

सभेत बोलायच्या आधी ही गोष्ट एकदा फक्त स्वतःसाठी लिहून काढ. जेम्स पेनिबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सँड्रा बील यांच्यासोबत १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मनात सलणाऱ्या प्रसंगाबद्दल विद्यार्थ्यांनी ओळीने चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायचं. ज्यांनी प्रसंग आणि त्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना लिहिल्यावर लगेच बरं वाटलं नाही, उलट जास्त वाईट वाटलं. पण पुढच्या काही महिन्यांत त्यांना डॉक्टरकडे कमी वेळा जावं लागलं. तूही चार दिवस लिही. शुद्धलेखन बघू नकोस, कुणाला दाखवू नकोस. पाचव्या दिवशी त्यातली कुठली तीन वाक्यं सर्वांसमोर म्हणता येतील, ते तुझं तुलाच कळेल. माझ्या कानाला ती साधारण अशी ऐकू येतात: ‘मी नऊ वर्षांची असताना आजी माझं गाणं सोडून उठून गेली. मी तिच्यावर पुष्कळ दिवस रुसले होते, थोडी अजूनही रुसलेली आहे. त्या संध्याकाळी ज्यांच्यासाठी ती गेली, ते आज या सभेत असतील तर मला त्यांना भेटायचं आहे.’

काकांना हे वाक्य सभेत अचानक ऐकू देऊ नकोस, आधी दाखव. त्यांची आई गेली आहे. तिच्याबद्दल चारचौघांत कुणी वेडंवाकडं बोलू नये असं मुलाला वाटणं अगदी साहजिक आहे. त्यांना वाचून दाखव आणि विचार, ‘काका, तुम्हाला असं कधी झालं होतं का?’ माझा अंदाज आहे, होईल त्या गप्पांतून तुला स्मरणिकेचं एक पान मिळेल. तरीही ते नकोच म्हणाले तर सभेतून ते काढ आणि स्मरणिकेतल्या तुझ्या लेखात ठेव. त्या लेखाखाली तुझं नाव असेल.

‘माझी कधी होती’ या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकत नाही, पण ते कुठे शोधायचं ते सांगते. सभेला येणाऱ्या एकाही माणसाला ठाऊक नसलेली आजीची एक गोष्ट तुझ्याजवळ असणार. तिने तुझी वेणी घालताना म्हटलेलं काही, तुमच्या दोघींतला एखादा परवलीचा शब्द, अंधारात तुला झोप लागेपर्यंत पाठीवर फिरणारा हात. ती गोष्ट सांगायची की नाही हे तू ठरव. माझं मत विचारशील तर, सांगू नकोस. इतक्या लोकांत वाटली गेलेली आजी होती, एक तुकडा तुझ्याचकडे राहिला तर कुणाचं काही जात नाही.

शेवटच्या चौदा महिन्यांबद्दल. आजीच्या ८२ वर्षांचे महिने होतात ९८४. त्यांतले हे १४. पण मन असा हिशेब करत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि डॉ. डोनाल्ड रेडलमायर यांनी १९९६ साली त्रासदायक तपासणीतून गेलेल्या रुग्णांचा अभ्यास मांडला होता. तपासणी चालू असताना दुखणं किती आहे हे रुग्ण दर मिनिटाला सांगत होते, आणि नंतर ‘एकूण कसं होतं’ असं त्यांना विचारलं. आठवणीत उरला होता तो सर्वांत वाईट क्षण आणि शेवटची काही मिनिटं. एकूण किती वेळ गेला याला जवळपास काही किंमत नव्हती. डोळे मिटल्यावर तुला अंथरुणावरची आजी दिसते, ती याच घडणीमुळे. तुझ्या प्रेमात काही उणं आहे म्हणून नाही. आधीची आजी आपोआप येणार नाही, तिला बोलावून आणावं लागेल. तुझे फोन, लोकांचे किस्से, जुने फोटो, तिचं अक्षर यांनी ती हळूहळू परत येते. मी हे माझ्या घरात पाहिलं आहे.

आणि आणखी एक. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली अल्झायमर झालेल्या माणसांना दुःखी आणि आनंदी प्रसंगांच्या चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात त्यांना चित्रफितीत काय होतं ते नीट आठवेना. पण त्या पाहून झालेलं दुःख किंवा आनंद मनात टिकून होता, प्रसंग विसरून गेल्यावरही. आजी तुझं नाव विसरली होती. तू शेजारी बसलीस, हात हातात घेतलास आणि तिला निवांत वाटलं असेल, तर तू उठून गेल्यावरही ते निवांतपण तिच्याजवळ राहिलं असण्याची बरीच शक्यता आहे. त्या चौदा महिन्यांतली ही बाजूसुद्धा लिही.

मध्येच कुणी तुला दुःखाच्या पाच पायऱ्या (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) सांगेल आणि तू कितव्या पायरीवर आहेस ते विचारेल. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ साली त्या मांडल्या त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांसाठी नव्हे. राग आला, मग हसू आलं, मग दिवसभर काहीच वाटलं नाही, असं पुढेमागे होत राहील. ते चालतं. पुष्कळ महिने उलटले तरी रोजची कामंच होईनात, झोप येईना, कशातच जीव लागेना, तर मात्र डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा, अंगावर काढू नकोस.

आता आतेभावाचे दोन बेत. वहीची पानं छापायला माझा ठाम विरोध आहे. त्या वहीत लोकांची नावं, फोन नंबर, रक्तगट आहेत, कुठे कुणाच्या आजाराचाही उल्लेख असेल. त्यांनी ते आजीला सांगितलं, स्मरणिकेला नाही. अक्षर दाखवायचंच असेल तर नावं-नंबर नसलेला कोपरा घ्या, एखादी तारीख, समासातली टीप, पान उलटून काळवंडलेली कड. व्हॉट्सअ‍ॅपवरसुद्धा पानांचे फोटो फिरवू नका. कुणाची गोष्ट छापायची असेल तर त्याला आधी वाचून दाखव. रुग्णाजवळ बसून आजीने जे ऐकलं ते तिने बाहेर बोललं नसेल, तर तुम्हीही त्याच्या शोधात जाऊ नका.

शिबिराचा विचार चांगल्या मनाचा आहे, पण त्याच दिवशी नको. स्मृतिसभेत माणसांना बसू दे, रडू दे, दारात उभं राहून बोलत राहू दे. एकीकडे अर्ज भरून घेणं आणि रांगा लावणं चालू असलं की ते होत नाही. शिवाय आजीची पद्धत ही नव्हती. एका दिवसात शंभर पिशव्या जमल्या तरी त्यांतल्या प्लेटलेट्स आठवड्याच्या आत वापराव्याच लागतात आणि तांबड्या पेशींनाही सहा आठवड्यांची मर्यादा आहे. आजी काय करायची? ज्या दिवशी लागेल त्या दिवशी लागेल तो माणूस शोधायची. ते चालू ठेवायचं असेल तर आतेभावाने सभेत एवढंच विचारावं, ‘यापुढे रात्री फोन केला तर कोण येईल?’ जे हात वर करतील त्यांच्या संमतीने नवी यादी करा. जुन्या वहीतल्या प्रत्येकाला फोन करून आजी गेल्याचं कळवा आणि नाव ठेवायचं की काढायचं ते विचारा. काहींचं रक्तदानाचं वय उलटलं असेल. वही कुणीतरी एकाने जबाबदारी घेऊन सांभाळली पाहिजे. १४ जून हा जागतिक रक्तदाता दिन, रक्तगटांचा शोध लावणाऱ्या कार्ल लँडस्टायनर यांचा जन्मदिवस. शिबिर त्या सुमाराला घ्या, हवं तर दरवर्षी.

भाषण सहा-सात मिनिटांचं पुरे. सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे सातशे शब्दांच्या आसपास. मोठ्या अक्षरात लिहून ने आणि दुसरी प्रत कुणाकडे तरी दे. तुझा आवाज दाटला तर ते माणूस पुढे वाचेल. ते माणूस कोण, हे सांगायलाच मी मघापासून थांबले आहे.

तुझ्या पत्रात आई एकाच ओळीत आली आहे. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. रात्री अकराला फोन वाजायचा आणि आजी बाहेर पडायची, तेव्हा दार लावून कोण घ्यायचं? ती पहाटे परतायची तेव्हा उघडायचं कोण? आजी पेशंटजवळ बसलेली असताना तू आजारी पडलीस तर तुझ्याजवळ कोण होतं? आजी घरी नसताना आलेले फोन कोण घ्यायचं, निरोप कोण लिहून ठेवायचं? आणि नऊ वर्षांची तू गाणं संपवून खाली उतरलीस, तेव्हा तुला कुणी जवळ घेतलं? चाळीस वर्षांच्या त्या कामातला बराचसा काळ तुझी आई त्याच घरात होती. लोक म्हणतात, सासूबाई किती करायच्या. सून काय करायची, हे तिला बहुधा कुणी विचारलेलं नाही. ‘मला काय सांगायचंय’ हे तिचं वाक्य मला नकारासारखं वाटलं नाही. तिला अजून कुणी नीट प्रश्नच विचारला नाही, असं वाटलं. कदाचित तिच्याही मनात राग असेल. कदाचित आजीच्या शेवटच्या चौदा महिन्यांत सगळं तिनेच केलं असेल आणि ती नुसती थकलेली असेल. तिला जे सांगायचं असेल ते ऐक, स्मरणिकेत येण्यासारखं नसलं तरी.

म्हणून फोन करायला लागण्याआधी, आज संध्याकाळी, वही घेऊन तिच्याजवळ बस. रेकॉर्डर लावू नकोस, कागदपेनही नको. वहीचं पहिलं पान उघड, पहिल्या नावावर बोट ठेव आणि विचार, ‘आई, हे कोण गं? आजीने हे सगळं कुणासाठी सुरू केलं?’ तिला ठाऊक नसेल, तर ते नाव कुणाला ठाऊक असेल ते दोघी मिळून शोधा. आणि मध्ये कधीतरी वहीत आजीपेक्षा वेगळं अक्षर दिसलं, आजी घरी नसताना कुणीतरी घाईघाईत उतरवून घेतलेला एखादा नंबर, तर तिथे थांब आणि ते अक्षर कुणाचं, ते तिला विचार.

तुझी,
ताई